गद्दी मेंढपाळांच्या धणाबरोबर चालायचं म्हणून पाच महिने केलेली तयारी

माझं माहेर माण तालुक्यातलं. लहानपणी सुगी झाली की धनगरांचा वाडा आमच्या रानात उतरायचा, मेंढरं दोन-तीन रात्री बसवायची, बदल्यात आमची आजी ज्वारी द्यायची. घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, वाघरीचं म्हणजे जाळ्याचं कुंपण, घोंगडीत गुंडाळलेलं कोकरू, हे सगळं मी बांधावरून बघितलंय पण त्यांच्याबरोबर एक मैलसुद्धा कधी चालले नाही. ती गोष्ट मनात राहिली होती. २०२४ ला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांकडे पंधरा दिवस राहून आले, त्यातले सहा दिवस त्यांच्या कळपाबरोबर, आणि परत आल्यापासून इतक्या जणी विचारतायत की कसं ठरवलं, कुणाला विचारलं, पैसे किती लागले, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून टाकते.

गद्दी लोकांबद्दल आधी थोडं सांगते म्हणजे पुढच्या तारखांचा गोंधळ कळेल. हे मूळचे चंबा जिल्ह्यातल्या भरमौर भागातले, धौलाधार डोंगररांगेच्या पलीकडचे, पण कितीतरी कुटुंबांची घरं आता अलीकडे कांगड्यातही आहेत. थंडीत मेंढ्या-शेळ्या खालच्या टेकड्यांत नेतात, उन्हाळा लागला की हळूहळू वर चढवत जून महिन्यात धौलाधारच्या खिंडी ओलांडतात, पावसाळा पलीकडच्या उंच कुरणांवर काढतात आणि थंडी पडायच्या आधी परत खाली येतात. कळपाला ते धण म्हणतात, मेंढपाळाला पुहाल आणि उंचावरच्या कुरणाला धार. आपले धनगर पावसाच्या मागेपुढे चालतात तसे हे बर्फाच्या मागेपुढे चालतात. म्हणून त्यांच्याकडे नक्की तारीख नसते, आणि आपल्याकडे रजा असते ती फक्त तारखेची. माझ्या तयारीतली निम्मी डोकेदुखी एवढ्यातच आहे.

ओळख कशी झाली तर एका ट्रेकवाल्या मैत्रिणीकडून. कांगड्यातल्या बैजनाथच्या वरच्या अंगाला गद्दी तरुणांचा एक छोटा गट आहे, ते वर्षाला मोजक्याच लोकांना आपल्याच गावातल्या घरांत ठेवतात आणि कुटुंबाची तयारी असेल तरच धणाबरोबर पाठवतात. ११ जानेवारीला मी पहिला फोन केला. मला वाटलं होतं पैसे किती आणि तारखा कुठल्या एवढंच बोलणं होईल, तर पलीकडच्या मुलाने मलाच वीसेक मिनिटं प्रश्न विचारले. बीपी आहे का, गुडघे दुखतात का, कुत्र्यांना घाबरता का, शेळीच्या दुधाचा चहा चालेल का, बकरं कापलेलं बघवेल का, रोज आंघोळ नाही मिळाली तर चिडचिड होते का. आणि शेवटी म्हणाला, दीदी एकट्या नका येऊ, अजून एक बाई बरोबर आणा, वर धणाबरोबर सगळे पुरुषच असतात, तुम्हाला आणि त्यांना दोघांनाही मोकळं वाटायला पाहिजे. मला तेव्हा जरा राग आला होता, पण आता वाटतं की किती बरोबर बोलला तो. माझी मावसबहीण कोल्हापूरला नर्स आहे, तिला विचारलं तर ती माझ्या आधी तयार.

त्या मुलाने अजून एक गोष्ट सांगितली ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. वर कुणी तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबताच येत नाही, धण चाललं की चाललं. त्यामुळे तुम्हाला काय बघायला मिळेल याची तयारी करू नका, आमचं काम अडणार नाही याची करा.

तिकिटापासून सुरुवात केली. तेव्हा रेल्वेचं बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं (आता ६० दिवस झालंय), म्हणून २४ जानेवारीला सकाळी आठला बसून २३ मेची पुण्याहून झेलम एक्सप्रेस काढली पठाणकोटपर्यंत, थर्ड एसी, आणि परतीची नंतर. शाळा मेच्या सुरुवातीला सुटतात, १५ जूनला भरतात, मधले सहा आठवडे मोकळे, असा माझा साधा हिशोब.

तो मार्चमध्ये कोलमडला. १६ मार्चला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, म्हणजे ड्युटी आलीच. साताऱ्याचं मतदान ७ मेला होतं, ते ठीक, पण मतमोजणी ४ जूनला आणि त्या ड्युटीत नाव आलं की सगळंच रद्द. शिवाय हिमाचलचं मतदान १ जूनला, शेवटच्या टप्प्यात, म्हणजे ज्या कुटुंबाकडे जायचं तेही मतदान करूनच गाव सोडणार. मी घाबरत फोन केला तर तो मुलगा शांतपणे म्हणाला, या तुम्ही, गावात चार दिवस जास्त राहाल, तसंही खिंडीतला बर्फ मेअखेरीपर्यंत किती उतरतोय कुणाला माहीत.

सुट्टीत बाहेर जायला शिक्षकांना रजा लागत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं पण मुख्यालय सोडण्याची परवानगी लागते आणि निवडणुकीच्या काळात तर ती लेखीच घ्यावी. मी १८ मार्चला अर्ज दिला. पहिल्यांदा परत आला कारण परतीची तारीख लिहिली नव्हती. दुसऱ्यांदा अर्जच सापडेना. तिसऱ्यांदा मी दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला आणि ती स्वतःजवळ ठेवली, मग कुठे फाइल हलली. ९ मेला परवानगी हातात आली, बावन्न दिवस. मतमोजणीच्या यादीत नाव नाही हे १६ मेला कळलं. तोपर्यंत मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते, खरंच सांगते, रात्री उठून वेळापत्रक बघायचे. तुमच्यापैकी कुणी सरकारी नोकरीत असेल तर सगळ्यात आधी हा कागद हातात घ्या, बूट-सॅक सगळं नंतर, आणि अर्जावर परतीची तारीख प्रत्यक्षापेक्षा तीन दिवस पुढची टाका.

गटाने मागितलेली कागदपत्रं म्हणजे आधारच्या दोन प्रती, एमबीबीएस डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, घरच्या दोन माणसांचे नंबर आणि स्वतःच्या हस्ताक्षरात एक संमतीपत्र. त्यांनी नंतर आमची नावं तिथल्या पोलिस चौकीतही लिहून दिली. सर्टिफिकेटसाठी ईसीजी, हिमोग्लोबिन, शुगर मिळून ९०० रुपये गेले. हिमोग्लोबिन १०.२ निघालं, डॉक्टरांनी दोन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एप्रिलच्या शेवटी परत तपासून मगच सही केली. म्हणून ही तपासणी अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

कुत्र्यांचं वेगळं सांगते. गद्दी कुत्री बिबट्या आणि अस्वलाला हटकणारी असतात, काहींच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, आणि वरून जवळचा दवाखाना म्हणजे दीड-दोन दिवसांची चाल. बहिणीने आग्रह धरला म्हणून आम्ही दोघींनी रेबीजची आधीच घ्यायची इंजेक्शनं घेतली, तीन डोस, २ एप्रिल, ९ एप्रिल आणि २३ एप्रिल. मधला नेमका पाडव्याला आला, दवाखाना बंद, डॉक्टरांना विनंती करून गुढी उभारल्यावर जाऊन टोचून घेतलं. तिन्हीचे मिळून माणशी १,२०० रुपये. हे घेतलं म्हणजे कुत्रा चावल्यावर काहीच करायचं नाही असं नाही हां, तेव्हाही जखम साबणाने धुऊन पुढची इंजेक्शनं घ्यावीच लागतात, फक्त कमी लागतात आणि थोडा वेळ हातात राहतो. उंचीच्या त्रासाची गोळी मात्र मनाने घेऊ नका. बहिणीला सल्फाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी तिला ती दिलीच नाही, म्हणून आम्ही गावात जास्त दिवस राहून हळूहळू चढायचं ठरवलं. विम्याचे ६५० रुपये. पॉलिसी घेताना किती मीटर उंचीपर्यंत चालते ते बारीक अक्षरात असतं, मी पहिली पॉलिसी त्यासाठीच सोडली.

शरीराची तयारी अजिंक्यताऱ्यावर केली. फेब्रुवारीपासून रोज पहाटे साडेपाचला चढायला सुरुवात, पहिल्या दिवशी तीनदा बसले, मार्चअखेर पाठीवर सहा किलो घेऊन न थांबता वर. पण खरी अडचण उतरताना आली, उतरताना माझा डावा गुडघा बोलायचा. मग उताराचा सराव वेगळा केला, काठी घेऊन. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि आम्हाला ओलांडायची होती ती जालसू खिंड साडेतीन हजारांच्या आसपास, त्यामुळे उंचीचा सराव महाराष्ट्रात होतच नाही. दमाचा आणि गुडघ्यांचा होतो, तेवढा मनापासून करा.

सामानात मी दोनदा चुकले. पहिली यादी केली तेव्हा बॅग चौदा किलो भरली. गटातल्या मुलाला फोटो पाठवला तर त्याने निम्म्या वस्तूंवर लाल फुल्या मारून पाठवला. शेवटी साडेआठ किलो. बूट ३,४०० चे, एप्रिलपासून घालून मऊ केलेले, रेनकोट १,८०० चा, स्लीपिंग बॅग भाड्याची १,५००. रंग साधे घ्या असं त्याने मुद्दाम सांगितलं, भडक फडफडणाऱ्या पाँचोला मेंढरं बुजतात. आणि बायकांसाठी स्पष्ट लिहिते कारण हे कुणी लिहीत नाही. मला पाळी नेमकी वरच येणार होती, मी मार्चपासून मेन्स्ट्रुअल कप वापरायची सवय केली, बहिणीने पॅड आणि झाकणाचा डबा नेला, वापरलेलं सगळं परत खाली आणलं. छोटं खुरपं, साबणाचा कागद आणि एक सुती गडद साडीचा तुकडा आडोशाला, एवढ्यात भागतं. भेट म्हणून काय आणू विचारलं तर ते म्हणाले हेडलॅम्पचे सेल आणि जखमेवरचं मलम. ते नेलं, शिवाय माझ्या मनाचे कंदी पेढे आणि शेंगदाण्याची चटणी.

२३ मेला साताऱ्याहून एसटीने पुणे, संध्याकाळी झेलम, दोन रात्री गाडीत. २५ ला पठाणकोट, तिथून बसने बैजनाथ आणि जीपने गाव. बैजनाथला एटीएममधून रोख काढून घेतली कारण पुढे आधी रेंज जाते आणि मग फोनवरचे पैसे कामाचे राहत नाहीत. आगाऊ त्यांनी फक्त वीस टक्के घेतले होते.

गावातल्या आठ रात्री मला आधी वेळ घालवणं वाटलं होतं. पाटीदगडाच्या छपराचं घर, समोर धौलाधार, घरात अम्मा, तिची सून आणि दोन नाती. अम्माने पहिल्या दिवशी माझ्या हातात चाती दिली आणि लोकर कातायला बसवलं, माझा धागा सारखा तुटायचा, ती काही न बोलता जोडून परत हातात द्यायची. कातरलेल्या लोकरीला भाव मिळत नाही हे तिच्याच तोंडून ऐकलं, धण आता बकऱ्यांवर चालतं, मांसाला गिऱ्हाईक आहे, लोकर घरापुरती. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची आणि घोंगडीची हीच गत झालीय. मी आजीच्या घोंगडीबद्दल सांगितलं तर तिने पेटीतून स्वतः विणलेलं जाड कांबळं काढून माझ्या पायांवर टाकलं. घरातल्या पुरुषांना काय हाक मारायची हेही तिनेच शिकवलं, तिच्या दिराला सगळे चाचू म्हणायचे, तोच धणाचा प्रमुख, साठीच्या पुढचा.

१ जूनला सगळं गाव मतदानाला. चाचू आणि थोरला पुतण्या वरून उतरून आले होते, दोघे धाकटे धणापाशी थांबलेले, आम्ही अम्माबरोबर शाळेपर्यंत चालत गेलो आणि बाहेर भिंतीपाशी उभ्या राहिलो. तीन आठवड्यांपूर्वी मी अशाच एका शाळेत शाई लावत बसले होते.

२ जूनला उतराला नावाच्या गावावरून चढायला सुरुवात, ३ ला दुपारी धणापाशी पोचलो. तीन कुटुंबांची मिळून तीनशेच्या आसपास जनावरं. चाचूने पहिल्यांदा आम्हाला जनावरांकडे नेलंच नाही, आधी कुत्र्यांकडे नेलं. आमच्या हातात मक्याची भाकरी दिली, ती कुत्र्यांना घालायला लावली, कुत्री आम्हाला हुंगत राहिली आणि तो शेजारी उभा राहून त्यांच्याशी हलक्या आवाजात बोलत होता. मग नियम सांगितला, रात्री बाहेर जायचं तर आधी मला हाक मारायची, कितीही वाजलेले असोत. पाचही रात्री मी हाक मारली आणि पाचही रात्री तो उठून बसला.

दिवस कसा असतो तर उजाडायच्या आधी चहा, मग मेंढ्या सुटतात, लंगडणारी कुठली ते बघायचं, दगडांवर मीठ टाकायचं, ते चाटायला सगळं धण धावत येतं, तो आवाज मी विसरणार नाही. पुहालांच्या अंगात लोकरीचा चोला आणि कमरेला काळ्या लोकरीचा लांबच लांब डोरा गुंडाळलेला, त्याच्या वरच्या झोळात नुकतं जन्मलेलं करडू ठेवून माणूस चढ चढतो. डोरा कमरेला आधार देतो आणि लागला तर दोर म्हणूनही कामाला येतो.

४ तारखेला माझ्याकडून चूक झाली. अरुंद वाटेवर धण चढत होतं, आम्ही मागे राहायचं असं सांगितलेलं, आणि मी एका वळणावर दोन पावलं पुढे होऊन फोटोला उभी राहिले. समोरची बकरी थबकली, वळली, आणि तिच्यामागे तीस-चाळीस जनावरं नाल्याच्या बाजूला खाली उतरून गेली. कुणी ओरडलं नाही. थोरला पुतण्या शीळ घालत एकटा खाली पळाला, त्यांना गोळा करून वर आणायला दीड तास गेला आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या. मी चाचूची माफी मागितली तर तो म्हणाला, बेटी, मागे चाल, आमचे पाय दिसतील एवढ्या अंतरावर. मला त्या रात्री झोप आली नाही. त्यानंतर मोबाईल बॅगेच्या तळाशी टाकला तो खिंडीपलीकडच्या होळी गावच्या बस स्टँडवर बाहेर काढला. धणाबरोबर जाणाऱ्या कुणालाही मी पहिली ही गोष्ट सांगते.

गारांमुळे दोन दिवस तिथेच मुक्काम वाढला. प्लास्टिकखाली शेकोटीभोवती बसून मी त्यांना आमच्या माणातलं सांगितलं, यंदा टँकर चालू आहेत, आमच्याकडचे धनगरही चाऱ्याच्या मागे लांब गेलेत. चाचूने बारकाईने विचारलं, मेंढ्या किती ठेवतात, रात्री कुंपण कसलं, शेतवाले बसू देतात का. धान्य देऊन बसवून घेतात म्हटल्यावर त्याला फार बरं वाटलं. त्यांच्याकडे वाटा आटत चालल्यात, कुठे वनखात्याची झाडलावणी, कुठे कुंपण, कुठे रस्ता. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचे चराईचे हक्क लिहिलेत हे त्या धाकट्या मुलांना पाठ होतं, पण कागद हातात पडायला किती खेटे घालावे लागतात तेही ते सांगत होते. मी माझ्या बावन्न दिवसांबद्दल काही बोलले नाही.

७ जूनला पहाटे खिंड. वर थोडा बर्फ होता, टणक, मेंढरांच्या खुरांनी पायवाट पडली होती म्हणून आम्ही नीट गेलो. खिंडीतल्या देवाला बकरा दिला, फोटो काढायचा नाही हे आधीच ठरलेलं. बहिणीचं डोकं दुखत होतं, पाणी पीत हळू चालली, उतरल्यावर थांबलं. ८ ला होळीच्या अंगाला रस्त्यापाशी आलो आणि तिथून धण वर आपल्या धारेकडे वळलं, आम्ही खाली बसकडे. निरोपाला वेळच नव्हता, जनावरं चालत होती. चाचूने काठी उचलली, एवढंच. मग चंबा, पठाणकोट, ९ ची झेलम, १२ जूनला सकाळी घरी, १५ ला शाळा.

माणशी खर्च असा आला. प्रवास आणि वाटेतलं खाणं ६,२००. गावात रात्रीचे ८०० प्रमाणे आणि धणाबरोबर १,२०० प्रमाणे, गटातून सोबत आलेल्या मुलाचे आम्ही दोघींत वाटून घेतलेले पैसे आणि गावाच्या निधीला १,०००, मिळून १८,१००. तयारीचं सामान आणि औषधपाणी ९,४५०. एकूण ३३,७५०. घासाघीस करू नका, दर त्यांनी सगळ्या घरांनी बसून ठरवलेले आहेत आणि कुठल्या घराला पाहुणे द्यायचे तेही पाळीने ठरतं.

ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. चाचू होता, धण परत अलीकडे उतरलं होतं. लंगडी बकरी चालत आली म्हणाला, कुत्र्यांतला म्हातारा वरच गेला. मग दोन्हीकडे जरा शांतता झाली आणि त्याने विचारलं, तुमच्याकडे पाणी पडलं का, धनगर परत आले का घरी?